बदामी बुरशी

यवतमाळ
२२ मार्च १९६३

प्रिय अमर,

मुंबईला पोचल्याबरोबर दोन ओळी टाकतो म्हणाला होतास. रजा संपली, तू आला नाहीस, अन् ओळीही आल्या नाहीत. आपले नागपूरचे जुने सर आता मुंबईला आहेत, त्यांना भेटून येतो, एवढंच सांगून गेलास. सरांनीच ठेवून घेतलं, का तब्येत बिघडली? काही असो, कार्ड टाक गड्या. हॉस्टेलातली वर्षं धर, इथली धर, आपण इतके दिवस न बोलता कधी राहिलो नाही.

इकडची खबर सांगतो. ऊन आत्तापासूनच तापलंय. ट्रेच्या खोलीत पाय ठेवला की वाफाळलेल्या कोंड्याचा वास अंगावर येतो. कोंड्यावर वाढणाऱ्या बुरशीला एवढी उष्णता सोसवत नाही, म्हणून खिडक्यांना ओली पोती लावून घेतली. रुपीबाई अन् बाकीच्या बाया येता-जाता त्यांवर पाणी मारतात. रुपीबाई म्हणाली, "भाऊ, माह्या लेकरायले मी येवढं जपलं नाई." मी म्हटलं, "हे बी लेकरूच होय, फक्त रडत नाही." तुझ्या तांड्याची बाई, ती काय ऐकून घेते? म्हणाली, "मंग याले पाळण्यात टाका अन् तुमी घरी जा. तुळसाबाई वाट पाहून राह्यली असंन."

मिलचा माणूस येऊन गेला. बुरशीतून निघालेलं आपलं डायस्टेस त्यानं नव्या कापडावर वापरून पाहिलं. म्हणतो, विणताना सुताला लावलेली खळ आधी रात्रभर भिजवूनही सुटत नव्हती, आता चहा पिऊन येईस्तोवर कापड मऊ पडते. देवीलालशेठ चक्क हसले. कारखाना सुरू झाल्यापासून ते हसल्याचं मला आठवत नाही. तुझं नाव त्यांनी दोनदा घेतलं, माझं एकदा. तू असतास तर यावर आपण दोघंही हसलो असतो.

एक विचारायचं आहे. कपाटात बदामी बुरशीच्या बियाण्याच्या तीन काचनळ्या होत्या, आता दोनच दिसतात. जाण्याच्या गडबडीत तू कुठे हलवलीस का? हातातून फुटली असेल तर फुटली म्हण, मी काही बोलणार नाही. शेठजींच्या कानावर अजून घातलेलं नाही. किल्ली तुझ्या-माझ्याजवळच असते, तेव्हा आपल्या दोघांतच मिटेल.

नेरच्या बाजारात याडी भेटली. तुझ्या आईला मी याडी म्हणतो ते तुळसाला फार आवडतं. याडीनं पहिला प्रश्न केला, "पोरगा जेवते का नाई?" मी म्हटलं, जेवतो. आता तू मला खोटं पाडू नको.

तुझा
बळी


यवतमाळ
१६ जून १९६३

अमरसिंग,

एप्रिलमध्ये तुझा राजीनामा शेठजींच्या टेबलावर आला. मला तेव्हाही कार्ड नाही. मी स्वतःची समजूत घातली की मोठ्या कंपनीत लागलास, लाज वाटत असेल सांगायला, दिवाळीला येऊन सांगशील.

गेल्या आठवड्यात मिलचा माणूस आला तो मालाची मागणी कमी करायला. मुंबईच्या एका कंपनीचं डायस्टेस निम्म्या वेळात मिळतं, खळही तितकीच साफ काढतं, म्हणाला. कागदाच्या पुडीत थोडी पूड दाखवायला आणली होती. कंपनीचा विक्रेता त्याला म्हणाला होता, "आमच्या आडेसाहेबांनी शोधलेली नवी जात आहे." मिलवाल्याला वाटलं मला आनंद होईल. तुझा मित्रच ना, म्हणाला.

पूड कच्चीच होती. तुमच्याकडे गाळणं आपल्याइतकंच वाईट दिसतं. मी चिमूटभर पूड काचेच्या बशीत वाफवलेल्या कोंड्यावर पसरली अन् झाकून ठेवली. पुडीतले मेलेले मेले, जगलेले बीजाणू उगवले. चौथ्या दिवशी झाकण काढलं तर बशीभर बदामी. हिरवा ठिपका एक नाही.

रानातली ही बुरशी हिरवी असते, अमरसिंग. बदामी रंगाची सगळ्या जगात एकच, अन् ती याच टेबलावर जन्मली. मला दुसरा पुरावा नको.

तो दिवस तुला आठवत नाही असं होणार नाही. नागपूरच्या दवाखान्यानं मोडीत काढलेला जंतू मारायचा दिवा तू आणलास. चहाच्या खोक्याला आतून काळा रंग लावून त्यात तो बसवला. शेठजी विचारायला लागले, हे काय खूळ? तू म्हणालास, "शेठजी, या जांभळ्या उजेडात बुरशीचं बी धराचं. बहुतेक मरूनच जाते. जे वाचते, त्यातलं बरंचसं लुळंपांगळं. पण हजारात एखादं असं निघते का बापाच्या दुप्पट कमावते." शेठजींना 'दुप्पट' तेवढं कळलं, अन् दिवा राहिला. खरं ते खरंच म्हणतो. दिव्याची कल्पना तुझी होती. तू नसतास तर मी जन्मभर हिरवीच पेरत राहिलो असतो.

पण ती बशी? स्टार्चच्या बशीवर आयोडीन ओतलं की सगळी बशी शाईसारखी निळी होते, अन् जिथे बुरशीनं स्टार्च खाल्लं तिथे तिच्याभोवती पांढरं कडं उरतं. जेवढं कडं मोठं, तेवढं डायस्टेस जास्त. ती बदामी दिसली तेव्हा तू आयोडीन ओतायलाही तयार नव्हतास. म्हणालास, "रंग उतरला हिचा. रोगट हाय, फेक." मी म्हटलं, मरायचीच आहे तर पाहून मरू दे. ओतलं. बाकीच्यांची कडी पावलीएवढी, हिचं कलदार रुपयाएवढं. तू ट्रेच्या खोलीत धावत गेलास अन् रुपीबाईला हाताला धरून बाहेर आणलंस. बाया घाबरल्या की आग लागली.

मी ती तुझी-माझी म्हणत आलो. 'माझी' असं एकट्यानं कधी म्हटलं नाही, तुझ्या माघारीसुद्धा. तू मात्र विक्रेत्याच्या तोंडून म्हणवलंस.

मागितली असतीस तर? मी हाच प्रश्न दोन दिवस स्वतःला विचारून राहिलो. मागितली असतीस तर नाही म्हणालो असतो, कारण ती कारखान्याची होती अन् तिच्यावर या बायांच्या चुली होत्या. तुला ते ठाऊक होतं, म्हणूनच मागितली नाहीस.

आता माझं एवढं कर. शेठजींना कळायला वेळ लागणार नाही. त्यांनी विचारलं तर खरं सांग. दुसरं काही नको. पदही तुझं, नावही तुझं, मी कुठे भांडायला येत नाही.

बळीराम


यवतमाळ
४ सप्टेंबर १९६३

श्री. अमरसिंग आडे यांस,

मागच्या आठवड्यात देवीलालशेठ यांनी आपल्या कंपनीत ट्रंक कॉल लावला, त्या वेळी मी त्यांच्या टेबलासमोर उभा होतो, हे आपणांस बहुधा माहीत नसावं. म्हणून कळवतो.

मिलनं मागणी पूर्ण बंद केल्यावर शेठजींनी मला बोलावलं. "मुनेश्वर, आपला माल मुंबईत कसा गेला?" मी सांगितलं, एक नळी मार्चपासून कमी आहे. "मार्चपासून? अन् तू मला आत्ता सांगतोस?" मी तुला वाचवत होतो, हे उत्तर देण्यासारखं नव्हतं.

तरी मी म्हटलं, शेठजी, अमरसिंगलाच विचारा. मी स्वतः म्हटलं. कारण मला खात्री होती. चोरी केलीस हे मी मान्य केलं होतं, पण विचारल्यावर तू खोटं सांगशील हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं.

फोन लागायला दुपार झाली. लाइन खराब, तू तिकडून ओरडत होतास, शेठजी इकडून. मला सगळं ऐकू येत होतं. शेठजी म्हणाले, "आडे, नळी तुला दिली कोणी?"

थोडा वेळ नुसती खरखर. मला वाटलं लाइन तुटली.

मग तुझा आवाज आला. "बळीरामनं देल्ली, शेठजी. त्याच्या हातानं देल्ली."

मुंबईला जाऊन सहा महिने झाले, पण 'देल्ली' तशीच आहे. त्यामुळे दुसरं कोणी बोललं असेल, असंही मला म्हणता येईना.

मी म्हटलं, "शेठजी, फोन माझ्याकडे द्या." ते म्हणाले, "तीन मिनिटं झाली." अन् फोन ठेवला.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"आडे कशाला खोटं बोलेल? त्याला आता काय कमी आहे? तुला विश्वासानं किल्ली दिली. तुम्हा लोकांना एकदा आत घेतलं की..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला ते लहानपणापासून पाठ आहे.

आता तुला विचारतो. 'आपण' लिहायला घेतलं होतं, ते निभलं नाही. छप्पन सालच्या दसऱ्यानंतर माझ्या बापानं घरातले देव बाहेर काढले, आम्ही बौद्ध झालो, अन् मी हॉस्टेलात परत आलो तर मेसमधली पोरं माझ्या बाकावरून उठून गेली. तू तुझं ताट घेऊन शेजारी येऊन बसलास. कोणीतरी टोकलं तर म्हणालास, "तांड्यातले लोकं बी तुमच्या इहिरीवर चालत नाहीत, मंग मी कोठी जाऊन बसू?" त्या एका जेवणावर मी तुझ्यावर सात वर्षं डोळे मिटून विश्वास टाकला.

म्हणजे तुला पक्कं ठाऊक होतं. माझ्यावर घातलं तर शेठजी दुसऱ्यांदा विचारणार नाहीत, हे तुला त्या खरखरीत सुचलं. दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं असतंस तर त्यांनी पुरावा मागितला असता. माझ्या नावाला पुरावा लागत नाही. हे तू माझ्याच शेजारी बसून शिकलास.

नळी गेली त्याचं मला वाईट वाटलं होतं. याचं काय वाटतं ते मला अजून नीट कळत नाही. तुळसा विचारते, जेवत काहून नाही? मी सांगतो, पोटात गॅस धरला.

मी बरा आहे. शेठजींनी त्याच दिवशी सगळ्यांसमोर कामावरून काढलं, दुसरं काम पाहतो आहे. पत्राचं उत्तर नको.

बळीराम मुनेश्वर


कळंब
१७ मे १९६४

अमरसिंग,

तुझं पत्र मिळालं. तीन पानं. बदामी हिरवी व्हायला लागली, कडी लहान पडून राहिली, साहेब लोक रोज विचारतात, तू मुंबईला ये, माझ्या हाताखाली चांगली जागा काढून ठेवली आहे, मागचं विसरून जा. तीन पानांत त्या ट्रंक कॉलचा उल्लेख कुठेच नाही. मी शोधला. मागच्या बाजूलाही पाहिलं.

बदामी परत फिरते हे आपल्याला पहिल्या वर्षीच समजलं होतं. बी वेगळं वेगळं करून पसरायचं, प्रत्येकावर आयोडीन ओतायचं, सगळ्यांत चांगलं तेवढं ठेवायचं, अन् पुन्हा तेच. दर महिन्याला बसत होतो आपण. पद्धत तुलाही येते. तुला बसायला माणूस पाहिजे. तो मी नाही.

मी इथे शाळेत विज्ञान शिकवतो. पण हे पत्र मी माझ्याबद्दल सांगायला घेतलं नाही. याडीबद्दल सांगायचं आहे.

होळीला तू तांड्यात येऊन गेलास. नेरहून कळंब काही लांब नाही. ते असो. तू गेल्यावर याडी एकटीच एसटीनं माझ्याकडे आली. मी दारातच म्हटलं, "याडी, अमर आलता म्हणे?" ती म्हणाली, "आलता. म्या त्याले इचारलं, बळीले भेटाले जात काहून नाई? तो खाली पाहून राह्यला. म्हणे, याडी, बंबईत असंच चालते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय चालते रे बंबईत?"

वर्षभर मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिच्या तोंडावर तुला चोर म्हणायला जीभ वळत नव्हती. त्या दिवशीही मी म्हटलं, "काही नाही, कामाच्या गोष्टी आहेत." तेव्हा तुळसा स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, पण ती थांबली नाही. नळी कशी गेली, फोनवर तू काय म्हणालास, शेठजी काय म्हणाले, सगळं बोलली. शेवटी म्हणाली, "याडी, यायले गावातले लोकं चोर म्हणून राह्यले. माह्या भावाच्या सोयरिकीत बी हे निघालं."

हे मलाही ठाऊक नव्हतं. माझा मेव्हणा गावातच राहतो, तरी तुळसानं माझ्यापासून लपवलं होतं.

याडीनं चहा घेतला, पदर सारखा केला अन् निघाली. मी एसटीपर्यंत सोडायला गेलो. मला वाटलं ती नेरला घरी चालली.

ती यवतमाळला उतरली ते सरळ कारखान्यात. पुढचं मला रुपीबाईनं सांगितलं. ती तेव्हा ऑफिसच्या दाराशी ट्रे घासत होती.

शेठजींसमोर तीन-चार व्यापारी बसले होते. शिपाई अडवत होता, तरी याडी आत गेली. घागरा, आरसे, हस्तिदंती बांगड्या, सगळ्या सणाच्या कपड्यांत. तुझ्या होळीसाठी काढलेले असतील. म्हणाली, "मी अमरसिंगची माय होय."

शेठजी उठून उभे राहिले. "या, या. आडेसाहेबांच्या मातोश्री. बसा."

"बसाले नाई आली. बळीरामनं नळी देल्ली नाई. माह्या पोरानं उचलली."

शेठजी हसून म्हणाले, "बाई, या शास्त्राच्या गोष्टी. तुम्हाला त्यातलं काय कळते?"

"नळीतलं मले काईच कळत नाई. पोरातलं कळते. नऊ महिने पोटात ठेवला तो. लहानपणी माहा गूळ खाऊन बहिणीचं नाव सांगे. म्या बहिणीले मारलं, तवा तो रडला नाई. होळीले त्याले इचारलं तवा बी तसाच बसला, खाली पाहून." मग त्या व्यापाऱ्यांकडे वळून म्हणाली, "तुमी बी आयका. चोर या लालीबाईचा पोरगा होय. हे बाहेर सांगजा."

याडीनं दार ओढून घेतलं, बाहेर ओट्यावर बसली अन् मग रडली. रुपीबाईनं पाणी दिलं ते तिनं तोंडावर मारलं, प्यायली नाही.

आठवड्यानं शेठजींचा माणूस मला बोलवायला आला. मी गेलो. शेठजी म्हणाले, "जरा गैरसमज झाला." मी म्हटलं, "तुम्ही मला काढलं ते सगळ्यांसमोर. गैरसमज झाला हे बी सगळ्यांसमोर म्हणा." ट्रेच्या खोलीत बायांना बोलावलं. शेठजी बोलले, माझ्याकडे न पाहता, रिकाम्या ट्रेंकडे पाहून. पण बोलले. बायांपैकी निम्म्या आता नाहीत, काम नाही म्हणून गेल्या. ज्या होत्या त्यांनी ऐकलं.

शाळेला सुट्टी आहे, म्हणून मी कारखान्यात जाऊन-येऊन करतो. तिथे राहिलेल्या दोन नळ्याही कोणी सांभाळल्या नाहीत, मेल्या. नव्यानं रानची हिरवी बुरशी धरली आहे, दिव्याखाली घातली आहे. अजून काही निघालं नाही. रोज बशा पाहतो, कडी पावलीएवढीच. निघेल किंवा नाही निघणार. निघाली तर ती कोणाची, हे मी या वेळी पहिल्याच दिवशी चार लोकांत सांगणार आहे. विश्वासाचा हा एक प्रकार माझ्यातून तू काढून नेलास. नळीतल्या बुरशीसारखा तो परत वाढवता येत नाही.

तुझं पत्र आलं ते मी काल तांड्यात जाऊन याडीला वाचून दाखवलं. सगळं, तीनही पानं. तिनं विचारलं, "फोनचं काई लिवलं का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "पुना पाय." मी पुन्हा वाचलं.

मग मी विचारलं, याडी, तुझ्याकडून काय लिहू? ती चुलीतल्या राखेत काडी फिरवत बसली.

"लिवजो का येऊ नको. होळीले नाई, दिवाळीले नाई."

मी म्हटलं, याडी, राग आहे आत्ता. राग उतरला की लिहू.

"राग नाई बाप्पा," ती म्हणाली. "तो आला का मी त्याले जेवू घालीन. तो जेवंल, मी पाहीन, अन् मंग मले वाटंल का काईच झालं नाई."

मी मुंबईला काहून येत नाही, हे तू विचारलं आहेस. मला वेगळं उत्तर लिहायची गरज नाही. तू समोर बसशील, 'बळी' म्हणशील, अन् मलाही तेच वाटेल.

बळीराम मुनेश्वर